पूल नसतानाची वर्षं

मुंबईतल्या हँकॉक पुलाच्या आयुष्यातल्या मोठ्या तारखा सहज सापडतात. १८७९ मध्ये तो बांधला गेला, १९२३ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली, आणि १० जानेवारी २०१६ च्या रविवारी, रेल्वेचा अठरा तासांचा ब्लॉक घेऊन, तो पाडण्यात आला. त्या जागी उभा राहिलेला नवा पूल १ ऑगस्ट २०२२ ला वाहनांसाठी उघडला. तोही पूर्ण नाही, त्याच्या काही मार्गिकाच.

मी मोबाईलवर मधले दिवस मोजले. २,३९५ भरले. जुना पूल पडला तेव्हा पहिलीत असलेलं पोर नवा पूल उघडला तेव्हा आठवीत होतं.

जुन्या पुलांबद्दल आपण लिहितो-वाचतो तेव्हा त्यात दोन गोष्टी हमखास असतात. पूल कोणत्या साहेबाच्या नावाचा आणि कोणत्या सालचा, ही एक. पाडताना वाटलेली हळहळ, ही दुसरी. काळा दगड, बिडाचे कठडे, रिव्हेट मारलेले लोखंड यांचे फोटो येतात. त्यात चुकीचं काही नाही, मलाही ते फोटो आवडतात. पण पुलाचं खरं काम माणसाला अलीकडून पलीकडे नेणं हे असतं, आणि त्या कामाचा इतिहास लिहायचा तर पूल असतानाच्या वर्षांइतकीच पूल नसतानाची वर्षंही लिहावी लागतील. हा लेख त्या वर्षांबद्दल आहे.

रुळांनी चिरलेलं शहर

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, हे आपण शाळेत शिकतो. अंतर ३४ किलोमीटर. त्या गाडीनं काय जोडलं ते पुस्तकात असतं. तिनं काय तोडलं ते सहसा नसतं.

मुंबईचा नकाशा उघडा. शहर दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. रेल्वेमार्गही दक्षिणोत्तरच टाकले गेले, आणि तेही जमिनीवर. त्यामुळे उत्तरेकडे जाणं सोपं झालं, पण आडवं जाणं अवघड झालं. पूर्वेला बंदरं, गोदामं आणि पुढे गोद्या. पश्चिमेला बाजार आणि वस्ती. मधे रूळ. सुरुवातीला गाड्या मोजक्या होत्या, तेव्हा फाटकावर थांबून काम भागत असे. गाड्या वाढल्या तसं फाटक बंद राहण्याचा वेळ वाढला, आणि रुळांवरून रस्ता नेणारे पूल आले.

त्यांतला जुना म्हणजे १८६८ चा कर्नाक पूल. तो काळ आठवून बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. कर्नाक पूल या बाजाराला बंदराकडच्या रस्त्याशी जोडत होता. त्यानंतर १८७९ चा हँकॉक, १८९३ चा बेलासिस, १९१२ चा शीवचा पूल, १९१३ च्या सुमाराचा एल्फिन्स्टन, १९२५ च्या सुमाराचा दादरचा टिळक पूल. एकेका पुलामागे त्या त्या भागाची गरज होती. हँकॉकनं डोंगरी आणि माझगाव जोडलं. एल्फिन्स्टननं गिरणगावाची दोन अंगं जोडली.

म्हणजे हे पूल शहराची शोभा वाढवायला बांधलेले नव्हते. रेल्वेनं जी वाट बंद केली होती, ती परत देण्यासाठी बांधलेले होते. हे लक्षात ठेवलं तर पुढची गोष्ट नीट समजते.

पुलावरचं वजन, पुलाखालची वीज

"दीडशे वर्षं टिकला, मग आत्ताच काय झालं? दुरुस्त करा की!" हा प्रश्न प्रत्येक पाडकामाच्या वेळी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

पहिली गोष्ट वजनाची. हे पूल बांधले तेव्हा वरून बैलगाड्या, घोडागाड्या, हातगाड्या आणि माणसं जात. आज भरलेला मोठा ट्रक चाळीस-पन्नास टनांचा असतो. पण वाहनांच्या वजनाहून फसवं वजन डांबराचं असतं. दर काही वर्षांनी खड्डे बुजवायला जुन्या थरावर नवा थर टाकला जातो. समजा पूल पन्नास मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद आहे, आणि वर्षानुवर्षांच्या थरांनी डांबर दहा सेंटिमीटरनं वाढलं. डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला सुमारे २.३ टन धरा. हिशोब केला तर १७० टनांहून जास्त वजन होतं. हे वजन ट्रकसारखं पुलावरून निघून जात नाही. ते रात्रंदिवस तिथंच बसून असतं.

दुसरी गोष्ट खालच्या बाजूची. कित्येक दशकं या पुलांखालून वाफेची इंजिनं गेली. कोळशाच्या धुरातलं गंधक आणि मुंबईची दमट, खारी हवा एकत्र आली की लोखंडाला खालून गंज धरतो. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो आणि खालून गर्डर झिजत असतो. झिजलेला गर्डर बदलायचा तर खालची रेल्वे थांबवावी लागते, आणि मुंबईत रेल्वे थांबवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि मला वाटतं हीच निर्णायक आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेवरची गाडी धावली. तेव्हापासून मुंबईच्या लोकल १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत होत्या. पुढे देशभर २५,००० व्होल्टची एसी वीज आली. तिला उपकेंद्रं कमी लागतात आणि वीज वाया कमी जाते. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हा बदल २०१५ मध्ये पूर्ण झाला. पण एवढ्या दाबाची तार आणि पुलाचं लोखंड यांच्यात जास्त अंतर लागतं, नाहीतर वीज हवेतूनच पुलाकडे झेपावू शकते. जुने पूल ठेंगणे होते, कारण ते बांधले तेव्हा डोक्यावर तार असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पुलाखाली गाड्यांना वेग कमी करावा लागू लागला.

इथं तीनच वाटा उरतात. एक, रूळ खाली घ्या. पण ज्या भागात पहिल्याच मोठ्या पावसात रुळांवर पाणी भरतं तिथं रूळ खाली घेणं म्हणजे पाण्याला आवतण देणं. दोन, पूल उचला. पण पूल उंच झाला की दोन्हीकडचे पोहोचरस्तेही उंच आणि लांब करावे लागतात, आणि त्या रस्त्यांना लागून इमारती आहेत, दुकानं आहेत, लोक राहतात. तीन, पूल पाडून नवा बांधा. त्यातही पोहोचरस्त्यांचा प्रश्न सुटत नाहीच.

उंचीचा हा प्रश्न किती खरा आहे ते अंधेरीच्या गोखले पुलानं सगळ्यांना दाखवलं. तो ब्रिटिशकालीन नव्हता, १९७५ चा होता. ३ जुलै २०१८ ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, त्यात दोघांचा जीव गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली. तेव्हा लोकांना दिसलं ते असं की पूर्वी याच पुलाला सरळ जोडलेला बर्फीवाला उड्डाणपूल आता जवळपास दीड-दोन मीटर खाली राहिला आहे. रेल्वेवरची उंची वाढली, शेजारचा पूल होता तिथंच राहिला. मीम्सचा पाऊस पडला, तुम्हीही दोन-चार पुढे पाठवले असतील. नंतर जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोडला. हसू येणं साहजिक होतं. पण त्या दीड-दोन मीटरांच्या फटीतच जुन्या पुलांचं सगळं दुखणं होतं.

तासांचं वेळापत्रक आणि वर्षांचं वेळापत्रक

पूल पाडण्याची रात्र बघण्यासारखी असते. १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कर्नाक पूल काढायला रेल्वेनं २७ तासांचा मेगाब्लॉक घेतला. हजाराहून जास्त लोकल फेऱ्या रद्द झाल्या. कोणत्या क्रेननं कोणता तुकडा कधी उचलायचा, ओव्हरहेड तारेचा प्रवाह कधी बंद करायचा, कोणता मार्ग आधी मोकळा करायचा, सगळं मिनिटांच्या हिशोबात ठरलेलं. मुख्य मार्ग तर ठरलेल्या वेळेआधीच सुरू झाला. दीडशे वर्षांचा पूल एका दिवसात काढला गेला. इंजिनिअर, गॅसकटर चालवणारे कामगार, क्रेनचे चालक या सगळ्यांना दाद द्यायलाच हवी.

नवा पूलही साधा नाही. त्याचे दोन गर्डर प्रत्येकी सुमारे ७० मीटर लांब आणि ५५० टन वजनाचे. एक ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये रुळांवर सरकवला गेला, पुन्हा ब्लॉक घेऊनच. १० जुलै २०२५ ला पूल उघडला.

आता या दोन वेळापत्रकांकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. रेल्वेसाठी २७ तास, आणि ते आधी जाहीर करून, मोजून, पाळलेले. रस्त्यावरच्या माणसासाठी अडीच वर्षांहून जास्त, आणि ती वर्षं पुन्हा पुन्हा पुढे ढकललेली. रुळांवरच्या प्रत्येक तासाला जबाबदार कोण हे ठरलेलं असतं. रुळांच्या वरच्या वर्षांना जबाबदार कोण, हे विचारलं की उत्तर रेल्वे आणि महापालिका यांच्यात फिरत राहतं. कारण रुळांवरचा भाग रेल्वेचा, पोहोचरस्ते महापालिकेचे, आणि पोहोचरस्त्यातल्या इमारतींचा प्रश्न कधी पुनर्वसनाचा तर कधी न्यायालयाचा.

हँकॉकच्या २,३९५ दिवसांचं हेच झालं. पूल पडला तेव्हा पायी जाणाऱ्यांसाठी धड पर्याय नव्हता. डोंगरीच्या बाजूनं माझगावच्या शाळेत जाणाऱ्या पोरांना, डोक्यावर ओझं घेतलेल्या हमालाला, गुडघे दुखणाऱ्या आजीला "वळसा घालून जा" हे सांगणं सोपं आहे. लोकांनी जे करायचं तेच केलं. ते रूळ ओलांडू लागले. प्रकरण जनहित याचिकेनं मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयात चर्चा झाली ती वारशाची नव्हे, माणसांनी पलीकडे जायचं कसं याची.

रूळ ओलांडणं मुंबईत किती महाग पडतं याचा एक आकडा सांगतो. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातलं सर्वांत मोठं कारण रूळ ओलांडणं हेच होतं. हा आकडा सगळ्या मार्गांचा आहे, एका पुलाच्या जागेचा नाही. पण जिथं वाट काढून घेतली जाते आणि दुसरी दिली जात नाही, तिथं माणसं या आकड्याच्या जवळ ढकलली जातात, एवढं म्हणायला मला पुरावा लागत नाही.

जपून ठेवायचा हट्ट आणि सावित्रीचं पाणी

मग जुने पूल पाडूच नयेत का? तसं मी म्हणणार नाही, आणि ते म्हणण्याआधी महाडची आठवण ठेवावी लागेल.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पावसात, मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल वाहून गेला. अंधारात दोन एसटी बस आणि काही खासगी गाड्या नदीत गेल्या. हँकॉक पूल पाडला त्याच वर्षीची ही घटना. एका पुलाला आपण वेळेवर काढलं आणि वाट बंद ठेवली, दुसऱ्याला वेळेवर काढलं नाही आणि माणसं गेली. म्हातारा पूल केवळ जुना आहे म्हणून वंदनीय ठरत नाही.

पण महाडची गोष्ट इथं संपत नाही. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ ला वाहतुकीसाठी खुला झाला. १६५ आणि २,३९५. नदीवर बांधणं आणि चालत्या लोकलवर बांधणं एक नाही, हे मला मान्य आहे. महाडला ना ओव्हरहेड तारा होत्या, ना पोहोचरस्त्यात उभ्या इमारती. तरीही या दोन आकड्यांतला सगळा फरक तांत्रिक आहे असं मला वाटत नाही. महाडला सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं. डोंगरी-माझगावच्या वळशाकडे कुणाचं होतं?

आणि जपायचं ठरवलं तरी मधली वर्षं टळत नाहीत. लंडनमध्ये टेम्स नदीवर १८८७ चा हॅमरस्मिथ पूल आहे. झुलता, देखणा, कायद्यानं संरक्षित. त्यात तडे सापडल्यानं एप्रिल २०१९ पासून त्यावर मोटारी आणि बस बंद आहेत. २०२० मध्ये तर काही महिने पायी जायलाही बंदी होती. आता चालणारे आणि सायकलवाले जातात, बस जात नाही. दुरुस्तीचा खर्च इतका मोठा की तो कुणी उचलायचा यावर वाद चालत राहिला. पाडण्याचं पाप कुणी केलं नाही, पण पलीकडच्या बसची वाट बघणाऱ्याचे हाल इथल्यासारखेच.

अमदावादचा मधला पूल

याहून वेगळी वाट आपल्या शेजारी सापडते. अमदावादला साबरमतीवर एलिस ब्रिज आहे. तिथं आधी लाकडी पूल होता, तो १८७५ च्या पुरात वाहून गेला. मग १८९२ मध्ये लोखंडी कमानींचा नवा पूल झाला. तो बांधणारे इंजिनिअर हिंदी होते, हिमतलाल धीरजराम भचेच. त्यांनी काम अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी खर्चात केलं. त्यावर सरकारला संशय आला की माल हलका वापरला असणार, म्हणून चौकशी बसली. चौकशीत काम पक्कं निघालं आणि त्यांना रावसाहेब किताब मिळाला. स्वस्तात चांगलं काम केल्याबद्दल चौकशी झालेला माणूस म्हणून मला ते फार आवडतात.

शंभर वर्षांनी हा पूल मोटारींना अरुंद पडू लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या लोकांनी जुन्या पुलाला हात न लावता त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे दोन पूल बांधले. जाणारी वाहनं एकावरून, येणारी दुसऱ्यावरून, आणि मधे जुना पूल वाहनांपासून मोकळा. त्याला स्वामी विवेकानंद पूल असं नाव दिलं, पण लोक एलिस ब्रिजच म्हणतात. पुढे कधी तरी जुना भाग काढून जलद बससाठी जागा करण्याचा विचार निघाला, तो नागरिकांच्या विरोधामुळे मागे पडला.

या उदाहरणाचं कौतुक करताना लोक म्हणतात, बघा, वारसा वाचवला. मला त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी नवी वाट बांधली, मग जुनी मोकळी केली.

अर्थात नदीवर डावी-उजवीकडे जागा असते. परळला किंवा डोंगरीला ती कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

नावाचा इतिहास

कर्नाक पुलाचं नाव बदलून "सिंदूर" झालं तेव्हा चर्चा सगळी नावावर झाली. तिच्यातला इतिहास खरा आहे आणि तो माहीत असायला हवा. जेम्स रिव्हेट-कर्नाक १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. सप्टेंबर १८३९ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवण्यात आलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. पुढच्या वर्षी सातारचं राज्य खालसा झालं. मराठी मुलखातल्या शहरानं या गव्हर्नरचं नाव दीडशे वर्षं पुलावर वागवलं, हे विचित्रच होतं.

पण नाव बदलायला किती दिवस लागले आणि पूल बांधायला किती, याची तुलना कुणी केली नाही. पाडताना निघालेले पुलाच्या नावाचे कोरीव दगड रेल्वेनं राखून ठेवले, तेही चांगलं केलं. दगड जपायला जागा मिळाली, नाव ठरवायला एकमत झालं. मधल्या काळात ज्यांनी रोज वळसा घातला त्यांची नोंद मात्र कुठल्याच दगडावर नाही.

एल्फिन्स्टन: तीच रुंदी, वेगळं शहर

या सगळ्याचा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो तो एल्फिन्स्टन पुलावर. हा पूल झाला तेव्हा आजूबाजूला गिरण्यांची धुराडी होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करत बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनीवर काचेच्या कचेऱ्या आल्या. रोज लोकलनं उतरणाऱ्यांची गर्दी कित्येक पटींनी वाढली. पूल, जिने, फूटपाथ होते तेवढेच राहिले.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. तो पूल पडला नव्हता, त्याचा एक दगडही निखळला नव्हता. शहराच्या मानानं तो लहान राहिला होता, एवढंच. नंतर लष्करानं येऊन काही महिन्यांत शेजारी नवा पादचारी पूल उभारला. म्हणजे मनावर घेतलं तर चालत्या रेल्वेवरही पूल लवकर होतो.

शेजारचा रस्त्याचा पूल १२ सप्टेंबर २०२५ ला बंद झाला. त्याजागी दुमजली पूल येणार आहे. खालून परळ-प्रभादेवी वाहतूक, वरून वरळीहून शिवडीमार्गे अटल सेतूकडे जाणारी. आधीच्या आराखड्यात १९ इमारती जाणार होत्या, दुमजली केल्यानं त्यातल्या १७ वाचल्या. रहिवाशांनी आंदोलन केलं, एप्रिलमध्ये पूल बंद करणं पुढे ढकलायला लावलं. त्यांच्यावर विकासाला आडवे येतात असा आरोप झाला. पण हँकॉकची साडेसहा वर्षं ज्यांना ठाऊक आहेत ते आपलं घर आणि आपली वाट यांची लेखी हमी मागणारच.

पूल बंद झाल्यावर मी तिथं एकदा गेलो होतो. पत्रे लागलेले, वळवलेल्या वाहतुकीच्या पाट्या, आणि पलीकडे कसं जायचं ते पोलिसाला विचारणारी माणसं. त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात रुग्णालयाच्या फायली होत्या. परळच्या बाजूला केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे. साऱ्या महाराष्ट्रातून लोक इथं येतात. त्यांना पूल १९१३ चा होता की २०१३ चा, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना पलीकडे जायचं होतं.

तिसरी तारीख

मुंबईतच एक बदल दिसतो, तोही नोंदवला पाहिजे. दादरच्या टिळक पुलासाठी ठरलेला आराखडा असा आहे की जुना पूल चालू ठेवून शेजारी केबल-स्टेड पूल उभा करायचा, आणि नव्यावरून वाहतूक सुरू झाली की मगच जुना पाडायचा. दादरसारख्या गजबजलेल्या ठिकाणी हे सुचतं, तर "जागाच नाही" हे उत्तर प्रत्येक वेळी शेवटचं मानायला नको. जिथं खरंच जागा नाही तिथं निदान पायी चालणाऱ्यांसाठी तात्पुरता पूल आधी उभा राहू शकतो, पाडकाम नंतर होऊ शकतं. रुंद पूल मोटारींना लागतो, चालणाऱ्या माणसाला दोन मीटरही पुरतात.

पुलांच्या कोनशिलेवर साधारण एकच तारीख असते, उद्घाटनाची. फार तर भूमिपूजनाची दुसरी. माझी मागणी तिसऱ्या तारखेची आहे. जुना पूल ज्या दिवशी बंद झाला ती तारीख नव्या पुलाच्या कोनशिलेवर, मान्यवरांच्या नावांच्या वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात कोरली जावी. मग त्या पुलावरून जाणारा कुणीही वजाबाकी करू शकेल.

तोपर्यंत हे काम आपल्याला करता येईल. तुमच्या गावातला, तुमच्या वॉर्डातला जुना पूल बंद होणार अशी बातमी आली, की कमानींचे फोटो जरूर काढा. पण त्यासोबत बंद झाल्याची तारीख लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं कुठून जातात तेही बघून ठेवा.